खांब आणि शेपूट

"मगदूमकाका, आज खांब कोण?"

"मी."

"आणि खांब कधी हलतो?"

"शेपूट आलं की."

"झालं तर मग. आता मला कसला घोर नाही," शकील म्हणाला, आणि आमची पलटण आयर्विन पुलावरून सांगलीवाडीकडं निघाली.

दर रविवारी सकाळी हे सवाल-जवाब व्हायचे. नवख्याला वाटायचं, म्हाताऱ्याची थट्टा चाललीय. मगदूम म्हणजे माझे मिस्टर, भूपाल मगदूम. नवऱ्याचा आडनावानं उल्लेख करायची खोड मला शाळेनं लावली. मी मुलींच्या शाळेत पी.टी. शिकवायची. तिथं शिपायापासून हेडबाईंपर्यंत सगळे आडनावानंच ओळखले जायचे, मग नवरा तरी कशाला वेगळा? समोर मात्र 'अहो'च. तेवढी रीत पाळली.

शकील मुजावर आमच्या गल्लीतला दातांचा डॉक्टर. 'रमतगमत सायकल मंडळ' हे त्याचंच खूळ, आणि नावाप्रमाणेच कारभार. अंगाला चिकटलेले कपडे घालून, मान खाली घालून सुसाट सुटणारी माणसं आमच्यात नव्हती. आमच्यात होती गुडघे कुरकुरणारी, पोट सुटलेली, डॉक्टरनं दम दिला म्हणून घराबाहेर पडलेली. वेग एवढाच ठेवायचा की पुढच्या सायकलवरची कुचाळकी मागच्या सायकलवर ऐकू गेली पाहिजे. कुठल्यातरी गावच्या पारावर सायकली टेकवायच्या, भडंग खायचं, चहा प्यायचा, आणि ऊन चढायच्या आत घर गाठायचं. शकीलची बायको आमच्यासाठी कांदा-लसूण न घातलेलं भडंग वेगळ्या डब्यात द्यायची. आम्ही जैन, आणि मगदूम खाण्यापिण्याच्या बाबतीत फार कडक.

मंडळाचा नियम एकच होता. कुणालाही मागं सोडायचं नाही. शकील सगळ्यांच्या पुढं असायचा. रस्ता जिथं फुटेल तिथं त्याच्या मागच्या माणसानं सायकलवरून उतरायचं आणि वळणावर उभं राहायचं. तो खांब. येईल त्याला हात करून वाट दाखवायची. सगळ्यांत शेवटी असेल तो शेपूट, आणि त्याच्या कॅरिअरला काठी बांधून पिवळा झेंडा लावलेला. झेंडा आला की खांबानं सायकलवर बसायचं आणि शेपटाच्या सोबतीनं निघायचं. तोवर ऊन लागो, कुत्री भुंकोत, खांबानं जागा सोडायची नाही.

खांबाचं काम बाकीच्यांना नको असायचं. पुढच्या गप्पा चुकतात, भडंगातले शेंगदाणे संपलेले असतात. मगदूम मात्र हौसेनं उभे राहायचे. आणि गेलं वर्षभर शेपूट मीच होते. का, ते फक्त शकीलला माहीत होतं.

मगदूम साखर कारखान्यात केमिस्ट होते. निवृत्त झाल्यावर काही वर्षांनी त्यांचं एकेक निसटायला लागलं. आधी चष्मा, मग वार, मग माणसांची नावं. देवळातून दुसऱ्याच्याच चपला घालून यायचे आणि वर मलाच विचारायचे, "इतक्या घट्ट चपला का आणल्यास?" मिरजेच्या डॉक्टरांनी तपासलं आणि मला बाजूला घेऊन सांगितलं, हा विसरण्याचा आजार आहे, वाढतच जाणार. मी मगदूमना सांगितलं, "वयानं होतंय, गोळ्या घ्या म्हणालेत." ते "बरं" म्हणाले. त्यांना कळलेलं नाही आणि कळू द्यायचंही नाही, असं मी ठरवून टाकलं. पाहुणे दारात आले की मी मोठ्यानं ओरडायची, "अहो, कुंभोजचे आण्णा आले बघा!" म्हणजे त्यांची पंचाईत नको. शेजाऱ्यांना वाटायचं, बाईला ऐकू कमी यायला लागलंय.

आमची मुलगी राजमती हुबळीला असते. तिला सांगावंच लागलं. सायकलचं ऐकून ती फोनवर कडाडली.

"आई, तुला कळतंय का? पप्पा रस्त्यात कुठंतरी भलतीकडं निघून गेले तर?"

"जात नाहीत. खांब असतात ते."

"कसला खांब? बंद कर सगळं."

"राजू, त्यांचं सगळंच बंद होत चाललंय. पाय अजून विसरले नाहीत. सायकलवर बसले की पहिल्यासारखे दिसतात गं."

शेवटी ती म्हणाली, "ठीक आहे. पण ज्या दिवशी पप्पा तुला ओळखणार नाहीत, त्या दिवसापासून सायकल बंद. शब्द दे."

मी दिला. मगदूम राजूला माझी बहीण समजायचे, समोरच्या चौगुल्यांना कारखान्यातले साहेब. पण मला ओळखायला कधी चुकले नव्हते. माझी त्यांना इतकी सवय होती की तो दिवस येईल असं मला खरं वाटत नव्हतं.

तो जानेवारीतला रविवार. आम्ही समडोळीच्या बाजूनं दुधगावला, वारणेच्या काठावर निघालो होतो. उसाच्या ट्रॉल्या चालू झालेल्या, रस्त्यावर उसाची चिपाडं, आणि थंडी अशी की बोलताना तोंडातून वाफ निघत होती. मगदूम पुढं शकीलच्या मागं, कानटोपीवर हेल्मेट घालून. मी सगळ्यांच्या मागं, झेंडा घेऊन. हँडलला माझी शाळेतली शिट्टी अडकवलेली असायची. कुत्र्यांना ती बरोबर कळायची.

वाटेत मंडळातल्या आरवाडेबाईंच्या सायकलची चेन पडली. त्या हातातल्या बांगड्यांना वंगण लागू नये म्हणून बोटांच्या टोकानं चेन लावत होत्या, आणि चेन काही बसत नव्हती.

"सरका," मी म्हणाले. "असं गोंजारून बसत नसते ती."

चेन बसवून त्यांना पुढं घातलं आणि हात पुसून मी निघाले. बाकीचे तोवर लांब गेले होते. दुधगावचा रस्ता जिथं डावीकडं फुटतो तिथं एक बाभळ आहे, तिच्या खाली मैलाचा दगड, आणि अलीकडं उसाचा फड रस्त्याला अगदी लागून. फड ओलांडला की वळण एकदम समोर येतं. आरवाडेबाई वळून गेल्या. मगदूमनी त्यांना हात करून वाट दाखवलेली मी फड ओलांडता ओलांडता पाहिली. मनात म्हणाले, शाबास.

मगदूमना जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्यांचं आजारपण, दवाखाना, शेवटचे दिवस, सगळं पाहिलं मी. पण डोळे मिटले की ते मला त्या बाभळीखालीच दिसतात.

मी जवळ जाऊन पाय टेकला. ते सायकल धरून उभे होते. मला बघून त्यांनी हात केला.

"डावीकडं जा, बाई. सरळ गेलात तर चुकाल."

"अहो, चला की. शेपूट आलं."

त्यांनी माझ्या झेंड्याकडं पाहिलं. मग माझ्याकडं. "झेंडा आमचाच आहे," ते म्हणाले. "पण शेपूट म्हणजे माझी मिसेस. झेंडा तिच्याकडं असतो. तिनं तुमच्याकडं दिला असेल मधे. ती यायचीय अजून."

मला वाटलं, गॉगलमुळं होत असेल. गॉगल काढला. हेल्मेट काढलं, केस सारखे केले.

"अहो, मी. त्रिशला."

"हो का?" ते हसले. "छान नाव. आमच्या घरीही एक आहे."

ते देवळाच्या पायरीवर अनोळखी बाईला वाट देताना उभे राहतात तसे उभे होते, अदबीनं, थोडे मागं सरकून. माझ्या नवऱ्यानं मला 'अहो-जाहो' केलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. शाळेत मुलींना घेरी आली की मी सांगायची, खाली बसा, डोकं गुडघ्यात घाला. मी मैलाच्या दगडावर बसले.

"बरं वाटत नाही का? पाणी घ्या," म्हणत त्यांनी आपली बाटली उघडून पुढं केली. सकाळी मीच भरलेली. मी दोन घोट प्याले.

"तुम्ही व्हा पुढं," ते म्हणाले. "पुढं डॉक्टर आहेत, आमचा शकील. दातांचा आहे, पण बघेल."

"नको. मी थांबते जरा."

"कुणाची वाट बघताय का?"

काय सांगणार? "हो," म्हणाले. "यायचंय एक माणूस."

"मग थांबा की. दोघं असलं की वेळ जातो." त्यांनी सायकल स्टँडवर लावली आणि मी आले होते त्या रस्त्याकडं डोळे लावले.

मला खरं तर त्यांना गदागदा हलवायचं होतं. ओरडायचं होतं, की अहो, इतकी वर्षं तुमचे डबे भरले, तुमच्या आईचं सगळं काढलं, आणि मी कोण? पण तोंडातून निघालं भलतंच.

"कशी आहे तुमची मिसेस?"

"तिखट," ते लगेच म्हणाले. "शिट्टी गळ्यात घालूनच जन्मलीय. पी.टी.च्या बाई ना! घरातसुद्धा एक-दोन, एक-दोन. टॉवेल वाळत घातला तरी रांगेत पाहिजे."

"म्हणजे त्रासच की तुम्हाला."

"होतो तर." ते हसले, आणि मग हसू थोडं कमी करून म्हणाले, "पण येते हो. उशीर झाला तरी येते. मी कुठंही उभा असलो तरी मला माहीत असतं, मागनं ती येणार. म्हणून तर उभं राहायला भ्या वाटत नाही."

मी मान वळवली. उसाची एक ट्रॉली खडखडत गेली. ट्रॅक्टरवरच्या माणसानं गाणं मोठ्यानं लावलं होतं.

"तिला एक सांगितलेलं नाही मी," मगदूम म्हणाले.

"काय?"

"तुम्हाला म्हणून सांगतो. तुम्ही परक्या, तुम्हाला सांगायला काय? मला विसरायला होतंय. थोडंथोडकं नव्हं. परवा न्हाणीघरातनं बाहेर आलो आणि आपण कुणाच्या घरात आलोय तेच कळंना. मिरजेच्या डॉक्टरनं तिला बाजूला घेतलं, तेव्हाच ओळखलं मी. माणसाला कळतं हो आपलं."

"मग... तिला का नाही सांगत?"

"तिला वाटतंय, मला माहीत नाही. केवढी धडपड करते! पाहुणा दारात आला की आधी ओरडून नाव सांगते. गल्लीला वाटतं, बहिरी झाली." त्यांना हसू आलं. "मीपण मग काही कळलं नाही असं दाखवतो. तिला कळलं की मला कळलंय, तर खचेल ती. बाहेरनं कडक आहे नुसती. आत काही नाही." ते थोडे वाकले आणि हळू आवाजात म्हणाले, "ती आली की बोलू नका हं तुम्ही."

"नाही बोलणार," मी म्हणाले.

आणि मला रडू फुटलं. मी काही रडणारी बाई नाही. राजूच्या पाठवणीलाही सगळ्या रडत होत्या आणि मी मंडपवाल्याशी भांडत होते. पण त्या दगडावर बसून मी लहान पोरीसारखी हुंदके देऊन रडले. मगदूम कावरेबावरे झाले. पुढं यावं की नको, त्यांना कळेना. परक्या बाईच्या पाठीवरून हात कसा फिरवायचा? शेवटी त्यांनी खिशातला रुमाल काढला, माझ्या शेजारी दगडावर ठेवला आणि पुन्हा आपल्या जागेवर जाऊन उभे राहिले.

"येतील," ते म्हणाले. "तुमचं माणूसही येईल."

किती वेळ गेला, मला सांगता येणार नाही. ऊन बाभळीच्या बुंध्यापर्यंत आलं. त्यांना ओढून नेणं शक्य नव्हतं. खांब शेपूट आल्याशिवाय हलणार नव्हता, आणि मी ते शेपूट नव्हते. मग मला सुचलं ते मी केलं. उठले, सायकल वळवली.

"निघालात?" त्यांनी विचारलं.

"मागं जाऊन बघते जरा."

"बघा. आणि माझी मिसेस दिसली तर सांगा, मी इथंच आहे म्हणून."

फडाच्या आड गेले. पाटाच्या पाण्यानं तोंड धुतलं. गॉगल लावला, हेल्मेट घातलं, तिरका झालेला झेंडा सरळ केला आणि हँडलची शिट्टी काढून गळ्यात अडकवली. आत्ताही ओळखलं नाही तर? तर मग मी कुठून येऊ? दुसरी वाट नव्हती.

सायकलवर बसले आणि शाळेत मुलींना मैदानावर गोळा करायला वाजवायची तशी शिट्टी वाजवली, एक लांब, दोन तोकड्या. फड ओलांडला. बाभळीखाली मगदूम टाचा उचलून बघत होते. मी दिसताच त्यांनी दोन्ही हात वर केले.

"आलीस? किती गं उशीर!"

'गं' म्हणाले. मला उतरताच येईना, सायकलसकट तशीच उभी राहिले.

"आरवाडेबाईंची चेन पडली होती," मी म्हणाले.

"तरीच. त्या बांगड्या सांभाळत बसल्या असतील." सगळं ठीक होतं. माझे मगदूम होते ते. "डोळे का लाल झालेत तुझे?"

"पाचटाचा धूर लागला. चला, निघू या. भडंग संपवलं असेल सगळ्यांनी."

त्यांनी सायकलला हात लावला आणि थांबले.

"थांब जरा," ते म्हणाले. "एक बाई होत्या आत्ता इथं. भल्या वाटल्या. तुला भेटल्या का वाटेत?"

"नाही."

"तिकडंच तर गेल्या. फार रडत होत्या गं. त्यांचं माणूस यायचं राहिलं होतं." ते माझ्या मागच्या रस्त्याकडं बघत होते. "थांबू या त्यांच्यासाठी. एकट्याच आहेत."

"अहो, शेपूट आलं ना? माझ्या मागं कुणी नसतं."

"आहेत की त्या. मागं कुणाला सोडायचं नाही, मंडळाचा नियम आहे."

एवढ्यात दुधगावकडून शकील सायकल मारत आला. वाट बघून परत फिरला होता. "काकू, काय झालं? पंक्चर?" त्यानं माझ्याकडं पाहिलं आणि सायकलवरून उतरला.

"एक बाई मागं राहिल्यात," मगदूमनी त्याला सांगितलं. "त्यांच्यासाठी थांबलोय."

"कोण बाई, काका?"

"नाव सांगितलं होतं त्यांनी..." मगदूम आठवायला लागले. कपाळाला आठ्या पडल्या. "छान नाव होतं."

शकीलनं माझ्याकडं बघून नुसती भुवई उचलली. मी मान हलवली. त्याला कळलं. शकीलला डोळे पुसायला चष्मा काढावा लागायचा, तो त्यानं काढला.

मनात एकदा आलं, की दुसऱ्या खेपेला तर ओळखलं ना? राजूला तेवढंच सांगावं. पण पुढच्या रविवारी प्रत्येक वळणाआधी मला उसाचा फड कुठून मिळणार होता? शब्द तो शब्द. मी कॅरिअरची दोरी सोडली आणि काठीसकट झेंडा शकीलच्या हातात दिला.

"पुढच्या रविवारपासून दुसरं शेपूट बघ," मी म्हणाले. "आणि खांबही."

"काकू..." म्हणत तो झेंडा घेऊन आमच्या शेजारी उभा राहिला.

मी सायकल स्टँडवर लावली आणि मगदूमच्या बाजूला जाऊन थांबले. रस्ता रिकामा होता. फडाच्या कडेला माझ्या सायकलच्या चाकांच्या रेघा तेवढ्या धुळीत दिसत होत्या, जायच्या आणि यायच्या.

"येतील का हो त्या?" मी विचारलं.

"येतील," मगदूम म्हणाले. "उशीर झाला तरी येतील." आणि माझा हात घट्ट धरून ते रस्त्याकडं बघत उभे राहिले.